माझी बशी आधी आली

रविवार, संध्याकाळ

अकोल्याच्या त्या नव्या बिस्ट्रोतून आम्ही तिघं आत्ताच परतलो. रश्मीनं, आमच्या पोरीनं, हट्टानं नेलं होतं. तिथल्या मेनूत ज्वारीची भाकरी बघून मला हसूच आलं. भाकरी खायला हॉटेलात? पण आली ती पुरीएवढी, टम्म फुगलेली, आत झुणका. कसा भरला असेल कोण जाणे! वाढणाऱ्या मुलीनं ती आधी माझ्यापुढे ठेवली. "काकू, वाफ आहे तोवर फोडा."

मी थांबले. ह्यांची बशी यायची होती. घरी सगळ्यांचं झाल्यावर बसणारी मी, आधी सुरू कशी करू?

"खाय ना, काहून थांबली वं?" हे म्हणाले.

रागानं नाही, खरंच विचारत होते. तेच डोक्यात घोळतंय. काहून थांबली! इतकी वर्षं माझ्या हातची तव्यावरची भाकरी खाल्लेल्या माणसाला ठाऊकच नाही?

मग मी फोडली. वाफ चष्म्यावर आली, काही दिसेना. तशीच खाल्ली.

गाडीत रश्मीनं विचारलं, "आई, चव कशी होती वं?"

चव काही आठवेना.

"गरम होती," मी म्हणाले.