एकसष्ट नंबर, वरचा मजला

हेलसिंकी, शनिवार सकाळ

ती. हेल्वीताईस,

ओइवाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा, भाऊजींचा रक्तदाब आणि तुमच्या दारातलं सफरचंदाचं झाड, सगळं ठीक असावं. मी ठीक आहे. (असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं, पुढचं वाचून तूच ठरव.) कालच्या प्रवासाची हकिकत शेजारच्या दारातून तुझ्या कानावर जाण्याआधी माझ्याकडून जावी, म्हणून हे पत्र.

तूच म्हणालीस, तुझ्या शेजारच्या साइमीबाईंना कुठेतरी घेऊन जा. तळ्याकाठच्या मांडवात दोन नाच झाले की बाईला तिच्या जागेवर पोचवायचं असतं, आणि मी जुलैत त्यांना सहा नाच झाले तरी पोचवलं नाही, तेव्हापासून तू मला टोमणे मारते आहेस. म्हणून इथल्या अकॉर्डियनच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं काढली आणि दुमजली गाडीत वरच्या मजल्यावर शेजारशेजारच्या दोन जागा घेतल्या. एकसष्ट माझी, बासष्ट त्यांची. मी ओउलूला चढणार, त्या तीन तासांनी तुमच्या सेइनायोकीला. वेलदोड्याचे गोड पावही भाजून घेतले. बहात्तराव्या वर्षी माणसाने याहून जास्त काय बोलावं?

जिना चढून वर जातो तर एकसष्टवर एक धिप्पाड गृहस्थ पेपर वाचत बसलेले. बासष्ट रिकामी. दुसऱ्या कुठल्या देशातला माणूस असता तर त्याने तिकीट पुढे केलं असतं. पण आपण कुणाची पोरं, हे तुला सांगायला नको. चर्चमधून कुणी बाबांची टोपी घालून गेला, तर बाबांनी त्याची टोपी घालून दोन हिवाळे काढले, पण तोंड उघडलं नाही. मी त्या गृहस्थांसमोर जरा उभा राहिलो, खिडकीबाहेरच्या बर्चच्या झाडांकडे बघितल्यासारखं केलं आणि पुढे गेलो.

पुढे मुलांची खेळायची खोली होती. घसरगुंडी, लाकडी इंजिन, चित्रांची पुस्तकं, सगळी सोय. तिथे एका पाच वर्षांच्या मुलीने मला प्रवासी केलं, तिकीट तपासलं आणि दंड म्हणून दोन पाव घेतले. (माझं तिकीट काल दिवसभरात एवढं बारकाईने फक्त तिनेच पाहिलं, आणि तिला वाचता येत नव्हतं.) तिथून खाली फोनवर बोलायच्या काचेच्या खोपटात शिरलो. फोन करायला नाही. दार लावून त्या गृहस्थांना म्हणायचं वाक्य घोकायला. ‘माफ करा’ने सुरुवात केली तर गुन्हा आपलाच वाटतो, आणि ‘ही जागा’ने केली तर पोलिसात असल्यासारखं वाटतं. वीस मिनिटं गेली. बाहेर चार जणांची रांग लागली होती. अर्थात त्यांच्यातलंही कुणी काही बोललं नाही.

सेइनायोकी आलं. मी वरच्या जिन्यापाशी उभा. माणसं चढली, बसली, गाडी सुटली. बासष्ट रिकामीच. ताई, साइमीबाई आल्या नाहीत. फोन करता आला असता, पण ज्या बाईने विचार बदलला तिला तो का बदलला हे विचारायचं, म्हणजे तिला अवघड जागी धरायचं. तेवढा उर्मटपणा माझ्याच्याने झाला नाही.

बसायला जागा शेवटी कुत्र्यामांजरांच्या कप्प्यात मिळाली. हा कप्पा गाडीतला सगळ्यात बोलका, कारण तिथे माणसं जनावरांशी बोलतात. शेजारी मुस्ती नावाची एक काळी कुत्री होती. तिला एक पाव दिला आणि नाच, एकसष्ट, बासष्ट, सगळं सांगून टाकलं. तिची मालकीण विणकाम करत होती. तिने माझ्याकडे एकदाही मान वळवली नाही. तांपेरे स्टेशन गेलं, आणखी तासभर गेला, तेव्हा ती कुत्रीला म्हणाली, “मुस्ते, त्या काकांना सांग, जागा विचारली म्हणून आजवर कुणी मेलेलं नाही.”

मी उठलो. हेलसिंकीला दहा मिनिटं होती. त्या गृहस्थांना सरळ म्हणालो, ही जागा माझी आहे. त्यांनी माझं तिकीट घेतलं, दोनदा बघितलं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, “तुमचा डबा सहा. हा पाच आहे.” (माझा चष्मा पिशवीत होता.) ते पुढे म्हणाले की ओउलूपासून मी त्यांच्यासमोर तीन-चार वेळा येऊन उभा राहिलो, तेव्हा माझी काहीतरी अडचण असणार हे त्यांनी ओळखलं होतं, पण विचारणं बरं दिसलं नसतं.

मी धावलो. सहाव्या डब्यात दोन्ही जागा रिकाम्या. माणसं उतरायला खाली गेलेली. फलाटावर साइमीबाई उभ्या होत्या, निळी टोपी घालून, परतीच्या गाड्यांचा फलक वाचत. मी काही बोलण्याआधीच त्या म्हणाल्या, “तुमची जागा तीन तास रिकामी होती. मी तिच्यावर माझी पिशवीसुद्धा ठेवली नाही.”

त्यांनीही फोन केला नव्हता. कारण तेच. मी पिशवी उघडून उरलेला एक पाव पुढे केला. त्यांनी अर्धा मोडून मला परत दिला, आणि आम्ही कार्यक्रमाला गेलो.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
ओइवा

ता. क. आईची अंगठी तुझ्याकडे आहे. तुझ्या बोटात ती आता जात नाही, हे मी नाताळात पाहिलंय. ती मला हवी आहे.

ता. क. २. साइमीबाईंना अजून काही विचारलेलं नाही. काल विचारणार होतो, पण अकॉर्डियनवाले मध्ये थांबेचनात. तू शेजारीच राहतेस, सहज जाऊन विचारशील का? मला डोळे दाखवायला इथे दोन दिवस राहायचंय, त्या आज परत निघाल्या आहेत, म्हणून पत्र त्यांच्याच हाती देतोय. पाकीट नीट चिकटलेलं नाही, पण दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यांतल्या त्या नव्हेत.

(वेगळ्या शाईत) हेल्वी, मी वाचलं. अंगठी घासूनपुसून ठेव, पण त्यांना पाठवू नकोस, आणि मला विचारायलाही येऊ नकोस. तीन तास रिकाम्या जागेशेजारी बसलेय मी. आता ते स्वतः येऊन, तोंड उघडून विचारतील, तेव्हाच हो म्हणेन. — साइमी