मस्तगडातली भाड्याची खोली

दादा, आज गॅलरीतली तुमची खुर्ची पुसताना पंचवीस वर्षांपूर्वीचा तो दिवस समोर आला. जालन्यातलं, मस्तगडातलं आपलं चार खणांचं घर विकून सगळी रक्कम तुम्ही माझ्या हाती दिली होती. तेवढ्यात पुण्यात या फ्लॅटचं स्वयंपाकघरही येत नव्हतं, बाकीचं कर्ज. त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदाच इथं चप्पल बाहेर काढून आत येता, खण मोजायला वर बघता, तर वर तुळयाच नाहीत.

"वरचं माळवद आपलं का?"

"नाही, वर दुसरे राहतात."

"खालची जागा तरी?"

"सगळ्यांची मिळून."

"मंग पोरा, येवढ्यात घेतलं काय?"

तुमची सून हसली. मी चिडलो. "इथं कामं आहेत म्हणून जागेला भाव. जालन्यातून पोरं बाहेर चाललीत, तिथल्या घराला कोण विचारतं?" तीस वर्षं पोस्टमन म्हणून तिथली दारं वाजवलेले तुम्ही हळूच म्हणालात, "मला इचारतेत की."

शाळेतल्या कविता मी अजून गुणगुणतो. त्यांतल्या घरांना अंगण असायचं, चांदणं असायचं. भाव कुणी सांगितलाच नव्हता. त्या नादात वाटायचं, बाप आणि लेक एका छपराखाली आले की झालं घर. तुम्ही मात्र वर्षभर जिन्यात लोकांना रामराम घालत राहिलात, आणि कुणी मान हलवायचं, कुणी तेवढंही नाही. मग एकदा जेवताना म्हणालात, "मस्तगडात एखांदी खोली बघ भाड्यानं. एकटा राहीन. पेन्शनीत बराबर भागतंय." मी जालन्याला जाऊन आलो आणि सांगितलं, खोली मिळत नाही. "न्हाई तर न्हाई," म्हणून तुम्ही भात कालवत बसलात. पुढच्या वर्षी याच गॅलरीत, या खुर्चीत बसल्या बसल्या गेलात.

दादा, खोली मिळाली होती. तुमचं नाव काढताच घरमालकीण म्हणाली, "त्यांच्याकडून कसलं भाडं? दिवाबत्तीचा खर्चा द्या, बस." मीच नको म्हणून परत आलो. फ्लॅटच्या हप्त्यात तुमची पेन्शन जात होती. तुम्ही तिकडे राहायला गेला असतात तर हप्ता थकला असता. इथल्या भिंती तुम्हाला न मिळालेल्या तिथल्या दिवसांवर उभ्या आहेत.

तुमच्या सुनेला मी अजून हेच सांगतो, की खोली मिळाली नव्हती. तिच्या हाती लागू नये म्हणून हा कागद आत्ताच फाडणार आहे.