बापाची नाव

आबा, आज शनिवार, १२ ऑक्टोबर १९५७. संध्याकाळचे सव्वापाच झाले आहेत. बसऱ्यात नदीकाठी चहाच्या दुकानासमोरच्या बाकावर बसून, मांडीवर वही ठेवून हे लिहीत आहे. बसरा हे इराक देशातले बंदर. मुंबईहून आगबोटीने आलो. मला पुढे कुवेतला जायचे आहे. तिथे इमारतींच्या लाकूडकामावर माणसे हवी आहेत. पण आत शिरायला व्हिसा लागतो, आणि तो कागद इथल्या कचेरीतून मिळतो. इथे राहायची परवानगी एका महिन्याची. तेवढ्यात कागद आला नाही तर परतीची बोट, आणि मामाने माझ्या तिकिटासाठी विकलेली म्हैस फुकट गेली.

पहिले आठ दिवस मी कचेरीच्या पायरीवर बसून काढले. कागदपत्रे रोज तीनदा तपासायचो. माझ्या खोलीत रत्नागिरीकडचा एक उतारवयाचा खलाशी आहे. तो म्हणाला, "पायरी झिजवून कागद येत नाय रे. जा, गाव बघ. इथे चार पैशांत माणूस राजा होतो." त्याचे खरे निघाले. इथला पैसा म्हणजे फिल्स, आणि पाच फिल्सना पुडीभर गरम उकडलेले हरभरे मिळतात. खजूर आता पिकला आहे, ओंजळभर तर चव बघा म्हणून फुकटच देतात. अंगठ्याएवढ्या काचेच्या पेल्यात काळा चहा येतो. तो घेऊन तासभर बसले तरी कोणी उठवत नाही. समोर समुद्राची भरती नदीत चढते आणि सगळ्या नावा एकदम वर उचलल्या जातात. हे बघायला काहीच पैसे पडत नाहीत.

नवव्या दिवशी पलीकडच्या खजुराच्या बागा पाहायला नावेत बसलो. पलीकडे उतरलो आणि चालू लागलो. पैसे द्यायचे असतात हे डोक्यातच आले नाही. तुम्हाला याचे नवल वाटणार नाही. जन्मात मी नावेचे पैसे दिले नव्हते. नावाडी पिकल्या मिशांचा आहे. लढाईच्या वेळी आपल्याकडच्या शिपायांत राहून थोडे हिंदी शिकलेला. हिंदुस्तानातल्या माणसाला इथे हिंदीच म्हणतात. तो मागून ओरडला, "ओ हिंदी, बाप का नाव है क्या?" नावेतली माणसे हसली. मी वळलो, आणि तोंडातून निघून गेले, "हां."

मग मोडक्या हिंदीत सांगितले की माझा बाप धरणाच्या पाण्यावर नाव वल्हवायचा, आणि त्याला जाऊन अकरा वर्षे झाली. म्हातारा हसायचा थांबला. मी पुढे केलेले दहा फिल्स त्याने हातानेच मागे सारले. "आज नहीं. कल देना." दुसऱ्या दिवशी पलीकडे उतरताना मी वीस पुढे केले. त्याने दहाच घेतले. तेव्हापासून रोज जातो.

आपल्याकडे पलीकडच्या गावांतले लोक सुगीला खळ्यावरून तुम्हाला पायलीने भात घालायचे आणि वर्षभर ये-जा करायचे. त्यांचे पाहुणेही त्यातच. मी दहा वर्षांचा आहे. पुण्याहून आलेला एक कारकून नावेतून उतरताना माझ्या हातावर एक आणा ठेवतो. संध्याकाळी आई भाकरी थापते आहे, मी चुलीपाशी बसून तो आणा राखेने घासतो आहे, आणि तुम्ही दारात उभे राहता.

"ह्ये कुटलं?"

"त्या कारकुनानं दिलं."

"आन् तू घेतलंस?"

"त्येनंच दिलं, आबा."

"ज्येच्याकडं उतरलाय त्यो, त्येचं भात खातुया आपण. एका फेरीचं दोनदा घ्यायचं न्हाई. परत दे."

"आता कुटं गावायचा त्यो?"

"पुण्याला जाया ह्याच पाण्यावर येनार. बस तितं."

आई म्हणाली, "आन् शाळा?"

"शाळा कुटं पळून जात न्हाई. कारकून जाईल."

तीन दिवस मी काठावर बसलो. पहिल्या दिवशी रडलो. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला वल्हे धरायला दिले, माझ्या हातांवर तुमचे हात ठेवून. दुपारी निखाऱ्यावर मासा भाजला आणि काटे काढून मधला भाग माझ्यापुढे सरकवला. आण्याबद्दल एक शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी कारकून आला आणि हसायला लागला. "अहो, पोराला खाऊला दिला होता."

"खाऊ घरी मिळतोय त्येला," तुम्ही म्हणालात.

मी आणा दिला. त्याला पलीकडे सोडून आल्यावर तुम्ही म्हणालात, "जा आता शाळंत, लई झालं." मी गेलो. पण कारकून आणखी दोन दिवस आला नसता तर बरे झाले असते, असे मला वाटत होते. हे तुम्हाला सांगायचे राहिले. पुढे दोन वर्षांत तुम्ही तापाने गेलात, नाव दुसऱ्याकडे गेली, आणि मामा मला पुण्याला घेऊन गेला.

आणखी एक सांगायचे आहे. माझा कागद बुधवारीच आला. चार ठिकाणी शिक्का आहे, नाव बरोबर लिहिले आहे, मी तपासले. गुरुवारच्या बोटीत जागा होती. मामाला मी लिहिले की जागा मिळाली नाही. खलाशाला तर कागद आल्याचेच सांगितले नाही. आता बोट मंगळवारी आहे. त्या बोटीने नक्की जाणार. तोवर तीन संध्याकाळी आहेत.

आजचा खर्च: नाव जाता-येता वीस, चहा दहा, हरभरे पाच. एकूण पस्तीस फिल्स. देणे: पहिल्या फेरीचे दहा. म्हातारा ते घेत नाही, आणि खरे सांगतो आबा, मीही आता पुढे करत नाही.