बटाट्याचं प्रथिन आणि चुरगळलेला रुमाल

प्रिय चिमणे,

अक्षराला हसू नकोस. आयुष्यभर लोकांच्या कपड्यांना इस्त्री केली, हातात पेन क्वचितच आलं. परवा डॉक्टरीणबाईंनी माझी चांगलीच हजेरी घेतली. यकृतातली चरबी वाढलीय म्हणे. काय खाता विचारलं, तर तुझं कौतुक सांगायची संधी साधून मी छाती फुगवून सांगितलं, दोन्ही वेळा उकडलेले बटाटे. माझी लेक त्यातल्याच प्रथिनावर काम करते, त्यानं चरबी घटते. त्यांनी कपाळाला हात लावला. बटाट्यात ते प्रथिन असतं जेमतेम चिमूटभर, आणि उकडलं की तेही बिघडतं!

हे तू मला आधीच सांगितलं होतंस गं. कामाच्या गावी जायच्या आदल्या दिवशी दुकानातल्या टेबलावर माझा रुमाल घेतलास, दुमडलास, पिळलास, टोक आत खोचलंस. म्हणालीस, प्रथिनाची लांब साखळी अशीच स्वतःभोवती गुंडाळलेली असते, त्या आकारावरच तिचं काम चालतं आणि उष्णतेनं तो मोडतो. मला सगळं कळलं होतं. पण फोनवर मुद्दाम ‘आज उकडून खाल्ला’ म्हटलं की तू चिडायचीस आणि पुन्हा पहिल्यापासून समजवायचीस. एरवी जेवलात का, बरे आहात का, एवढ्यावर आपलं बोलणं आटपायचं.

हल्ली तुझा फोन येत नाही. मी केला तर कामात आहे म्हणतेस. शेवटी तुझ्या प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीला गाठलं. तिला रागावू नकोस, मीच खनपटीला बसलो होतो. काचेच्या बशीतल्या पेशींमध्ये चरबी कमी दिसली, पण उंदरांमध्ये काही फरक पडला नाही आणि काम बंद झालं, असं ती म्हणाली. तू तिकडे तोंड लपवून बसलीस आणि मी इकडे एकटाच बटाटे सोलत बसलो. दुकान बंद करून आलो की घर खायला उठतं. आता बटाटेही सोडलेत, तुझ्याशी बोलायला दुसरं काही उरलं नाही.

तो रुमाल तू गुंडाळलास तसाच कपाटात ठेवला होता. इस्त्रीवाल्याच्या घरात चुरगळलेला रुमाल, म्हणून शेजारी थट्टा करायचे. आज पाणी शिंपडून त्याला कडक इस्त्री केली. आलीस की नव्यानं गुंडाळ आणि कुठे फसलं ते दाखव. तोवर फोन तरी कर. फसलेलंही मला तासभर ऐकायचंय.

तुझाच,
बाबा