एका वर्षात दीडपट

४ फेब्रुवारी, मंगळवार

रोशनी, रोशनी, रोशनी! आज सरांनी एम.ए.च्या भर वर्गात तिच्या लघुप्रबंधातलं प्रकरण वाचून दाखवलं. भिवापूरचे मिरचीवाले, त्यांचा खर्च, त्यांना मिळणारा भाव. "प्रादेशिक अर्थशास्त्र असं लिहायचं असतं!" मी मान खाली घालून वहीच्या कोपऱ्यात चौकोन काढत बसले.

माझा विषय उमरेडचे हातमाग विणकर. विणकर शोधायला गेले तर भेटले माग सोडून सिक्युरिटी गार्ड झालेले! कशीबशी चौदा घरं मिळाली. तिला एकशे वीस. गाव तिचं, मामा तिचे, मग मिळणारच की.

पुण्याच्या परिसंवादाला विभागातून एकच जण जाणार. ती नाहीतर मी – हे सगळ्यांना माहीत आहे.

५ फेब्रुवारी

माझा लघुप्रबंध बाइंडिंग करून दिला. सगळ्यांत आधी! सरांनी उघडलासुद्धा नाही. "ठेवा तिकडे."

८ फेब्रुवारी, शनिवार

ती घरी आली, नंदनवनला. पाव किलो तिखट घेऊन. आई लगेच विरघळली – "पाह्य वं, रंग कसा आहे!" जाताना रोशनीने तिचा कच्चा मसुदा माझ्या हातात दिला. "दामे, एकदा पाहून दे नं वं. तुह्यासारखी नजर नाही माही." आणि हसली. त्या हसण्यानेच माझी जास्त जळते.

आईने त्याच तिखटाची भाजी केली. "काहून वं, जेऊन नाही राहिली?" भूक नाही म्हटलं.

९ फेब्रुवारी

सापडलं!!

तिचं दुसरं प्रकरण. जिल्ह्याच्या उत्पन्नाचा आलेख. रेघ शहाण्यासारखी चढतेय आणि २०११ नंतर एकदम उडी! एका वर्षात नागपूर जिल्हा दीडपट श्रीमंत. असं कुठे होतं का? २०११ पर्यंतचे आकडे जुन्या आधारवर्षाच्या भावांनी काढलेले, पुढचे नव्या. अर्धं कापड हाताने मोजायचं, अर्धं मीटरने, आणि आकडे एकाच रांगेत लिहायचे. बाबा माग चालवायचे तेव्हा असं कोणी केलं असतं तर दारातून हाकलला असता. आणि "जिल्हा धावला, मिरचीवाला मागे राहिला" हा तिचा सगळा डोलारा या उडीवर उभा!

सरांना दिसलं नाही. मला दिसलं. तीन वेळा वाचलं, कॉमा न सोडता.

दोन्ही मालिका नीट जोडायला अर्धा तास पुरेल. मी सांगितलं तर.

१० फेब्रुवारी

मसुदा परत दिला. "मस्त आहे," म्हणाले. "तू म्हणाली नं, मंग झालं!" म्हणत तिने तो पिशवीत टाकला.

ती जिना उतरेपर्यंत सांगायला वेळ होता. तरी सांगितलं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

विभागात सादरीकरण. बाहेरून आलेल्या तज्ज्ञ मॅडमनी तिसऱ्याच मिनिटाला तिला थांबवलं. "ही उडी कसली?" रोशनीने पडद्याकडे वळून रेघ पाहिली. मग म्हणाली, "माझी चूक आहे, मॅडम. तपासायला पाहिजे होतं." सर लालबुंद. मी माझ्या वेळात फक्त चौदा घरांबद्दलच बोलले. पुण्याला मी जाणार!

आनंद झाला. खोटं कशाला लिहू? भरपूर झाला.

१९ फेब्रुवारी

कँटीनमध्ये ती समोर येऊन बसली. वाटलं, आता भांडते. पण हळू आवाजात म्हणाली, "दामे, तो उत्पन्नाच्या आकड्यांचा तक्ता तं दिवाळीत तूच पाठवला होता मले. मी नुसती रेघ काढली त्याची. तुहं चुकत नाही म्हणून तपासलंच नाही. सरांले तुहं नाव नाही सांगितलं मी. तू तुहा प्रबंध वापस घे अन् सुधारून टाक, मॅडम वाचतील त्याच्या आधी." मग माझा हात दाबून – "मसुदा वाचूनही तुले दिसलं नाही नं? होते वं असं. आपलंच असलं का नाही दिसत."

मी चहा संपवला.

२० फेब्रुवारी

विभागातून प्रबंध मागून आणला. पान एकतीस. तोच तक्ता, तीच दोन मापं. खाली माझं वाक्य – "जिल्ह्याची भरभराट, विणकर मात्र तिथेच." तिचं वाचलं तसं स्वतःचं मी एकदाही वाचलं नव्हतं.

पुण्याचं तिकीट माझ्या नावाने निघालंय.