आतलं झाकण

प्रिय दादा,

तुझी तब्येत बरी असेल. माझी तर इतकी छान आहे की गुडघासुद्धा दुखायचं विसरलाय. अक्षराला नावं ठेवू नकोस. मला दुसरीतून काढलं नि तुला पुढे शिकवलं, तरी तू कुठे दिवे लावलेस? मांजरीला पिल्लं झाली, तीही कपाटात, माझ्या चांगल्या शालीवर. असो.

काल सुनेने मला सूतगिरणीत नेलं. तू गिरणीला भेट दिलेलं खिशातलं घड्याळ तिथे जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनात काचेत मांडलंय म्हणे. मग बघायला नको? आपल्या लहानपणी तिथे कामगारांच्या पोरांच्या शर्यती व्हायच्या, धुराड्याला वळसा घालून फाटकापर्यंत. मी परकर खोचून अनवाणी पळाले नि सगळ्या पोरींना धूळ चारली. गिरणीच्या मालकांनी स्वतःच्या वडिलांचं चांदीचं घड्याळ बक्षीस लावलं होतं. पण मुलींचं बक्षीस घ्यायला घरातल्या पुरुषाने जायचं, अशी तिथली रीत. बाबा पाळीवर, म्हणून तू गेलास. घेतलंस नि थेट खिशात घातलंस. मी रडले, तर आई म्हणाली, बाईमाणसाला खिसा कुठे असतो?

मग ते तुझंच झालं. लग्नात साखळी कोटावर लोंबत होती. सासरच्यांना सांगितलंस, शर्यतीत मिळालं. पुढे मुलांना सांगितलंस, नातवंडांना सांगितलंस, नि दर वेळी तू आणखी थोडा जोरात पळायचास. मी वाढत होते, ताटं उचलत होते, ऐकत होते. अरे, तू कधी बस पकडायलासुद्धा धावला नाहीस!

तर काचेपाशी ही गर्दी! लोक तोंडावर हात धरून हसतायत. घड्याळजीने साफ करताना आतलं दुसरं झाकण उघडलं, नि कारागिरी दिसावी म्हणून तसंच ठेवलं. ते झाकण तुला ठाऊकच नव्हतं ना? सोबत आलेल्या माझ्या नातीने मोठ्याने वाचलं. आत कोरलंय, मुलींच्या शर्यतीत पहिला क्रमांक. नि खाली पाटी तुझ्या नावाची! एक फिटर म्हणाला, आजोबा परकर नेसून पळाले असतील. दादा, मी इतकी हसले की कवळी हातात घ्यावी लागली.

आज सकाळी वहिनीचा निरोप आला. कोरणाऱ्याची चूक झाली, असं मी चार लोकांत सांगावं, नाहीतर तुझी अब्रू जाते. म्हणून हे लिहायला बसले. नाही सांगणार. उलट कालच गिरणीच्या ऑफिसात जाऊन खरं काय ते सांगून आलेय. रविवारी मंडप घालून घड्याळ मला देणार आहेत. कोणाच्या हस्ते द्यायचं, असं साहेबांनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. पत्रिका छापायला गेल्यात. कोट घालून ये.

तुझीच,
पहिली आलेली धाकटी