राजीनाम्यातल्या त्रुटी

परभणी,
शनिवार, दि. १२ सप्टेंबर १९८७

तीर्थस्वरूप दाजींच्या पायी धाकट्या मेहुण्याचा, रंगनाथचा, दंडवत.

तुमचे गुडघे आणि अक्काचा खोकला आता बरा असेल. इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं.

आमच्या दवाखान्यातली मानसोपचाराची खोली म्हणजे पूर्वीची कोठी (लांबी नऊ फूट चार इंच, मी स्वतः मोजली). तिथं डॉक्टर सूर्यभानराव एकटे, आणि कारकून, कंपाउंडर, चपराशी मिळून मी एकटा. (शिक्षण सातवी, पण डॉक्टरांची पुस्तकं त्यांच्याआधी मी वाचतो.) मंगळवारी ऐंशी पेशंट. दाराच्या जागी पडदा, त्यामुळे आतलं बाहेरच्या रांगेला ऐकू येतं आणि रांग सल्ला देते. गेल्या मंगळवारी पूर्णेच्या कडूबाई आत म्हणाल्या, "जावंपायी झोप येईना बगा." बाहेरून आवाज आला, "जाऊ बी हितंच हाय, नंबर बेचाळीस. तिला बी इचारा." रांग हसली, मी हसलो. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कडूबाईंना औषध लिहून दिलं, आणि पुढच्याच चिठ्ठीवर स्वतःचा राजीनामा लिहून विश्वस्तांकडे पाठवायला माझ्या हातात ठेवला.

तो मंजूर झाला की खोलीला कुलूप, आणि त्या ऐंशी जणांना दुसरं दार नाही. पण त्रुटी असलेला कागद मी पुढं सरकवत नाही, हे विश्वस्तही जाणतात. पहिला परत केला, कारण चिठ्ठीवर अर्ज चालत नाही. दुसऱ्यावर तारीख नव्हती. तिसऱ्यात कारण 'प्रकृती'. त्याला डॉक्टरचा दाखला लागतो. या दुखण्याचे डॉक्टर इथं ते एकटेच, आणि स्वतःचा दाखला स्वतःला चालत नाही. "रंगनाथराव, तुमी लय छळायलाव," ते म्हणाले. मी म्हटलं, "नियम हाय, सायेब." काल चौथा आला. टाइप केलेला, निर्दोष. २१ तारखेला विश्वस्तांची बैठक आहे.

आपला आज्ञाधारक,
रंगनाथ

ता. क. डॉक्टरांना आठ दिवस तुमच्याकडे बोरीला मुक्कामाला बोलावणारं पत्र उलट टपाली पाठवा. रजेवरच्या माणसाचा राजीनामा बैठकीपुढं ठेवता येत नाही (असा नियम नाही, पण मी सांगितला की तो असतो). गावात ते मनाचे डॉक्टर आहेत हे बोलू नका, नाहीतर तुमच्या ओसरीवर रांग लागेल. पाहुण्याला ऐकू कमी येतं, एवढंच सांगा.

दुसरा ता. क. पाकिटात आणखी एक कागद आहे. तो माझा राजीनामा. चार वेळा तपासला, मला एकही चूक सापडली नाही. तुम्ही तीस वर्षं हेडमास्तर होता. लाल शाईचा पेन घ्या आणि एक तरी काढा.